मिथेनभक्षी : जीवाणू की सूक्ष्मजीव?

नागपुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक रंगवायचा आहे. त्यावर ‘समुद्रतळाखालचे मिथेनभक्षक जीवाणू’ आणि हवामानाबद्दलच्या ओळीत ते ‘सगळा मिथेन नष्ट करतात’ असं लिहिलं तर बरोबर होईल का, असा प्रश्न आहे.

‘समुद्रतळाखालचे’ चोख आहे. पुढचे दोन्ही शब्द बदलायला हवेत.

‘भक्षक’ म्हटलं की नरभक्षक वाघ आठवतो, विदर्भात तर हमखास. नुसता आहार सांगायचा तर तृणभक्षी, मांसभक्षी यांच्या पंगतीत ‘मिथेनभक्षी’ शोभतो. स्वयंपोषीच्या धर्तीवर ‘मिथेनपोषी’ही करता येईल. पण यांतले काही मिथेनमधून ऊर्जा घेतात आणि शरीरासाठी लागणारा कार्बन पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून. म्हणून ‘पोषी’ टाळलेला बरा.

खरी चूक ‘जीवाणू’त आहे. तळाखालच्या गाळात ऑक्सिजन नाही. तिथे मिथेन खातात ते आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखेच दिसणारे एकपेशी सूक्ष्मजीव. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी 1977 साली हा गट जीवाणूंहून वेगळा असल्याचं दाखवलं. पण आर्किया हे काम एकट्याने करत नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्याबाहेरच्या गाळातले जे पुंजके 2000 साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधोमध सुमारे 100 आर्किया पेशींचा गोळा आणि भोवती सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंचं वेष्टन होतं. आर्किया मिथेनमधून इलेक्ट्रॉन काढतात, जीवाणू ते सल्फेटला देतात. मागे बायकार्बोनेट आणि सडक्या अंड्याच्या वासाचा सल्फाइड उरतो. एकाचंच नाव घेतलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून ‘मिथेनभक्षी सूक्ष्मजीव’.

फुटाळा, अंबाझरीसारख्या गोड्या पाण्याच्या तलावांबद्दल लिहाल तेव्हा मात्र ‘मिथेनभक्षी जीवाणू’ खुशाल लिहा. तिथे सल्फेट थोडं, आणि गाळातून वर येणारा मिथेन मुख्यतः ऑक्सिजनवर जगणारे जीवाणूच खातात. गोबरगॅसच्या टाकीतले सूक्ष्मजीव तर उलट मिथेन बनवणारे, ते ‘मिथेनजनक’.

हवामानाच्या ओळीत ‘सगळा मिथेन नष्ट करतात’ नको. समुद्राच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी 90 टक्क्यांपर्यंत हे मिथेनभक्षी अडवतात, असा अंदाज आहे. मिथेन 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, तेव्हा हे काम फार मोठं आहे. पण त्यांना विरघळलेलाच मिथेन खाता येतो. बुडबुडे होऊन सुटलेला निसटतो. शिवाय त्यांची संख्या दुप्पट व्हायला महिने लागतात, त्यामुळे गळती एकदम वाढली की ते मागे पडतात. आणि ‘नष्ट’ तर काहीच होत नाही: कार्बन बायकार्बोनेटमध्ये जातो, त्यातला काही चुनखडी होऊन तिथेच थिजतो. फलकावर क्रियापद ‘बदलतात’ हेच घ्या.