हजाराने का भागतात?

प्रश्न : एका रसायनाच्या अहवालात शेवाळ, डाफ्निया (गोड्या पाण्यातला पिसवेएवढा जीव) आणि मासा यांच्यावरच्या तीन विषारीपणाच्या चाचण्या आहेत. सर्वांत कमी आकडा डाफ्नियाचा, लिटरला 2 मिलिग्रॅम. 'सुरक्षित पातळी' मात्र 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे थेट हजारपट कमी! हा उगाच घाबरवण्याचा प्रकार नाही का?

उत्तर : आधी तो 2 मिलिग्रॅमचा आकडा कसा निघतो ते बघा. चोवीस तासांच्या आतली डाफ्नियाची पिल्लं वेगवेगळ्या मात्रांच्या पाण्यात 48 तास ठेवतात. मग चंचुपात्र हलकेच हलवायचं. 15 सेकंदांत जे पोहलं नाही ते 'निश्चल' धरायचं. ही मोजणी मी वर्षानुवर्षं केली आहे. एखादं पिल्लू नुसतीच मिशी हलवत तळाशी बसतं आणि तुमची नजर घड्याळाकडून त्याच्याकडे फिरत राहते. (नुसती मिशी हलली तर तेही निश्चलच.) ज्या मात्रेला निम्मी पिल्लं अशी थांबतात, तो तुमचा आकडा. निम्मे जीव आडवे होण्याची पातळी सुरक्षित कशी म्हणणार?

शिवाय ही झाली दोन दिवसांची गोष्ट. पुढे त्यांना पिल्लं होतात का, हे 21 दिवसांच्या चाचणीत कळतं. अशा दीर्घ चाचण्या हाताशी आल्या की भाजक 100, 50, 10 असा उतरतो. हजार हा आपल्या अज्ञानाचा आकडा आहे.

आणि तोही कधी कधी तोकडा पडतो. गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे सोडलं होतं, लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. मासे पटापट मेले नाहीत. नरांमध्ये मादीची लक्षणं आली आणि फॅटहेड मिनो ही जात तळ्यातून जवळजवळ संपली. उलट टायरच्या रबरातून तयार होणारं 6पीपीडी-क्विनोन कोहो सामनला काही तासांत मारतं, चम सामनला मात्र फारसं काही होत नाही. हे रसायन 2020 मध्ये उजेडात आलं. चाचणीला मासा कोणता घेतला, यावर इतकं अवलंबून असतं.

पाण्यातली अपेक्षित मात्रा भागिले सुरक्षित पातळी, हे उत्तर 1 च्या वर गेलं तर पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. कारखानदार आणि कार्यकर्ते दोघंही त्याला निकालपत्र समजतात, ते सोडा. तुमच्या अहवालात दीर्घ चाचणी आहे का ते पाहा. रसायन तांब्यासारख्या धातूचं असेल तर पाण्याचा कठीणपणा किती धरलाय तेही पाहा, कारण मृदू पाण्यात तेवढंच तांबं जास्त घातक ठरतं.