बीडिंगखाली सिलिकॉन भरू देऊ नका

गाडीच्या चारही दारांचं बीडिंग (दार आणि चौकट यांमधली फट बंद करणारी रबरी पट्टी) नवं घातलंत, तरी पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतंय, दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि गॅरेजवाला आता "आतून सिलिकॉन भरून देतो" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. कृपा करून भरू देऊ नका.

माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजने (नाव घेत नाही) मला न विचारता हेच केलं होतं. सुरुवातीला पाणी थांबलं. पुढे दाराच्या चौकटीजवळ रंग फुगायला लागला, म्हणून बीडिंग ओढून काढलं, तर पत्र्याची कड गंजून पापुद्रे सुटत होते. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्याला ते चावतं. शिवाय रबर आणि पत्रा यांच्यामध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही ते बुजवतं. म्हणजे पाणी आत येणं थांबलेलं नव्हतं, ते फक्त दिसेनासं झालं होतं.

कड कापून नवा पत्रा जोडावा लागला. पण खरा छळ रंगाच्या वेळी झाला. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. घासा, पुसा, पुन्हा मारा, पुन्हा खड्डे. रंगारी कंटाळला. आणि ज्यांनी हे केलं ते म्हणाले, "जुनी गाडी आहे, गंज येणारच." याचा राग अजून आहे. जुन्या गाडीची कड जपायला हवी हे ज्याला कळत नाही त्याने तिच्या दाराला हात लावू नये.

कडेवर दाबून बसवायच्या बीडिंगच्या पोटात धातूचा सांगाडा आणि रबराचे ओठ असतात. ते पत्रा पकडतात, त्याला चिकटवायला काही लागत नाही. काही कंपन्यांच्या बीडिंगच्या खाचेत न सुकणारा चिकट मसाला आधीच भरलेला असतो, त्याबद्दल मी बोलत नाहीये. काही गाड्यांत बीडिंग दारालाच चिकटवलेलं किंवा क्लिपांवर असतं. तिथे त्यासाठीचंच ॲढेसिव्ह वापरा, तेही पातळ थर देऊन. पोकळ रबराला हवा जायला बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. बुजली तर रबर दबत नाही.

आता तुमचं पाणी. ते बीडिंगमधून येतंय याची खात्री केलीत का? काचेवरून दाराच्या पोटात पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं तुंबली असतील, किंवा दाराच्या आतल्या पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल, तर पाणी आत उतरतं आणि जगातलं उत्तम बीडिंगही ते अडवू शकत नाही. काच किंवा तिची मोटर दुरुस्त करताना हा पडदा फाडून तसाच सोडलेला मी अनेक गाड्यांत पाहिलाय. ब्युटाइल टेपने (चिकट, मऊ रबरी पट्टीने) तो पुन्हा नीट चिकटतो. एसी चालू असतानाच ओल येत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी आधी बघा.

पाइपने पाणी मारून बघायचं तर खालून वर जा, एकेका भागावर थांबा, आत कोणालातरी टॉर्च घेऊन बसवा. वरून एकदम धार सोडली की कुठून आलं ते कळत नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे रबर टेकत नाही.

बसवताना ताणलंय का हेही बघा. ताणून बसवलेलं रबर नंतर आखडतं, त्याच्या दोन टोकांचा जोड उघडतो, कोपऱ्यात पातळ पडतं. जोड खाली, मधल्या सरळ भागात हवा, कोपऱ्यात कधीच नको. थोडं सैल, ढकलत ढकलत बसवायचं.

दार आपटावं लागतंय त्याची घाई करू नका. नवं रबर कडक असतं, गाडी उभी असेल तेव्हा दारं पूर्ण लावून ठेवा, काही आठवड्यांत बसतं. तरी नाहीच जमलं, तर रबराची जाडी मूळच्या रबराइतकी आहे का ते जुन्या तुकड्याशी ताडून बघा. कुलूप अडकतं तो चौकटीवरचा हुक सरकवणं शेवटचा उपाय, आणि त्याआधी मार्करने मूळ जागेची खूण करा. रबराला सिलिकॉन ग्रीस पुसून लावा (हे सीलंट नव्हे, ते वेगळं). पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल लावू नका, दारांच्या बीडिंगचं रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, ते तेलाने फुगून मऊ पडतं.

मी मेकॅनिक नाही, तुमच्या मॉडेलची रचना वेगळी असू शकते. कार्पेट मात्र आजच उचला. त्याखालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आत पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा कुजवतो. चौकटीच्या कडेचे आणि जोडाचे फोटो टाकलेत तर पुढचं सांगता येईल.