‘यॉब’ म्हणाले तर सोडून द्या, ‘कॉशन’ म्हणाले तर थांबा

प्रश्न: ताई, आम्ही लंडनमध्ये हाउन्स्लोला राहतो. मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळा सुटल्यावर चिकनच्या दुकानाबाहेर मित्रांबरोबर उभा असतो. परवा शेजारचे आजोबा त्या सगळ्यांना ‘यॉब्ज’ म्हणाले. आता शाळेचं पत्र आलंय, त्यात ‘अँटी-सोशल बिहेव्हिअर’ असा उल्लेख आहे. हे म्हणतात, पोरगा वाया गेला, साताऱ्याला आजीकडे पाठवून देऊ. खरंच इतकं झालंय का हो?

उत्तर: साताऱ्याचं तिकीट आधी बाजूला ठेवा.

आजोबांचा शब्द मनाला लावून घेऊ नका. ‘यॉब’ म्हणजे ‘बॉय’ उलटा वाचलेला. शब्द उलटे करून बोलायची खोड एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यांवर होती, तिथला हा शब्द. आपण ‘टवाळ कार्टी’ म्हणतो, तेवढाच त्याचा अर्थ. ‘हूलिगन’ याच पंगतीतला, 1890च्या दशकात तिथल्या वर्तमानपत्रांनी गाजवलेला. ‘थग’ मात्र जास्त लागट. तो आपल्याच ‘ठग’वरून गेला, पण इंग्रजीत त्याचा अर्थ फसवणारा नव्हे, मारहाण करणारा गुंड. सावळ्या किंवा काळ्या मुलांनाच निवडून कोणी तसं म्हणत असेल, तर शाळेच्या कानावर जरूर घाला.

पत्रातला शब्द वेगळा आहे, कारण तो कायद्याचा आहे. दुसऱ्याला त्रास, भीती किंवा मनस्ताप होईल असं वागणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. 1998च्या कायद्याने त्यासाठी ‘ॲस्बो’ नावाचा कोर्टाचा मनाई आदेश आणला, 2014च्या कायद्याने तो बदलून नवे आदेश आले. लोकांच्या तोंडी ‘ॲस्बो’ अजून आहे. शाळेचं पत्र आलं म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं नाही. शाळेत जा आणि विचारा, कोणत्या दिवशी, कुठे, कोणी काय पाहिलं. लेखी मागा. पुढे कधी ‘ॲक्सेप्टेबल बिहेव्हिअर कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे नीट वागण्याचं लेखी कबूलपत्र, समोर ठेवलं, तर ते ऐच्छिक असतं. प्रत्येक ओळ मुलाला समजल्याशिवाय सही नको.

दुकानाबाहेर उभं राहण्याबद्दल एक गोष्ट त्याला आजच सांगा. त्या भागात तसा अधिकार लागू केला असेल, तर पोलीस दहा वर्षांपुढच्या कोणालाही तिथून ठरावीक मुदतीसाठी निघून जायला सांगू शकतात. ‘आम्ही काहीच केलं नव्हतं’ म्हणत मुदतीच्या आत तो परत तिथे गेला, तर ते परत जाणंच गुन्हा ठरू शकतं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या शब्दाकडे येते: ‘कॉशन’. आपल्या कानाला ती नुसती ताकीद वाटते. पोलीस हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. चौकशी सुरू करण्याआधी ‘तू बोललंच पाहिजेस असं नाही, पण जे बोलशील ते पुरावा होऊ शकतं’ असं सांगतात, ती एक कॉशन. दुसरी शेवटी देतात, ती ‘यूथ कॉशन’. ती मिळण्यासाठी मुलाला गुन्हा कबूल करावा लागतो आणि तिची पोलिसांकडे नोंद राहते. आपली माणसं इथेच चुकतात. हात जोडून ‘सॉरी सर, चुकलं त्याचं’ म्हटलं की साहेब सोडून देतील, असं वाटतं. तसं करू नका, कृपा करून करू नका. ‘व्हॉलंटरी इंटरव्ह्यू’ला, म्हणजे अटक न करता चौकशीला, बोलावलं तरी त्या गप्पा नसतात. वकील फुकट मिळतो, मुलाशेजारी मोठं माणूस बसावंच लागतं, आणि ते तुम्ही असू शकता. आधी वकील मागा, मग बोला. इंग्लंडमध्ये गुन्ह्याची जबाबदारी दहाव्या वर्षापासून लागते. मुलाचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर दहा वर्षांपासून चारित्र्यही पाहिलं जातं, आणि अर्जात कॉशन सांगावी लागते.

मुलाच्या तोंडचे शब्दही ऐका. ‘रोडमन’, म्हणजे रस्त्यावरचा दादा, ही बहुतेकदा नुसती स्टाइल असते, तिला घाबरू नका. पण ‘शॉटिंग’, ‘ट्रॅपिंग’, ‘गोइंग कंट्री’ असे अमली पदार्थांच्या धंद्यातले शब्द कानावर आले, आणि सोबत दुसरा फोन, न विचारता आलेले महागडे बूट, लांबच्या गावाची रेल्वे तिकिटं दिसली, तर थांबू नका. याला ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात: टोळ्या अमली पदार्थ पोचवायला शाळकरी मुलांना वापरतात. अशा मुलाला पिळवणुकीचा बळी मानण्याची तरतूद 2015च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्यात आहे. शाळेतल्या सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता, पाहणाऱ्या शिक्षकांना लगेच भेटा. मुलाला स्वतःहून बोलायचं असेल, तर चाइल्डलाइनचा 0800 1111 हा नंबर मोफत आहे.

आणि घरात ‘चॅव’ शब्द बंद करा. आपल्या चांगल्या शिकलेल्या घरांत जेवताना ‘त्या कौन्सिलच्या घरातल्या चॅव पोरांबरोबर फिरू नकोस’ असं सहज म्हटलं जातं. मला ते फार खटकतं. गरिबीवरची ती शिवी आहे, आणि ती एकदा ऐकली की मित्र अडचणीत सापडला तरी मुलगा तुम्हाला सांगणार नाही. त्या मुलांना शनिवारी घरी जेवायला बोलवा. यजमानांनाही घरी थांबायला सांगा, म्हणजे ज्यांच्याबद्दल एवढी भीती वाटते, त्यांची निदान नावं तरी त्यांना कळतील.