शिंपल्याच्या स्नायूवर पहिलाच प्रयोग करणाऱ्यासाठी

अरे, पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे मासळी बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणशील तर आधी टिचकी मारून बघ, मिटली तरच जिवंत. आणि स्नायू नळाच्या पाण्यात अजिबात बुडवू नकोस, मी बुडवला होता, फुगला आणि अख्खा दिवस वाया.

आता खरी गंमत, शिंपला तासन्‌तास घट्ट मिटून बसतो आणि फार ताकदही खर्च करत नाही. मायटिलस नावाच्या समुद्री शिंपल्याच्या स्नायूवर असिटिलकोलिन (नसा स्नायूला निरोप द्यायला वापरतात ते रसायन) टाकलं की तो आवळतो, ते धुतलं तरी ताण तसाच राहतो, मग सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा थेंब पडला की सैल! शास्त्रज्ञ बेटी ट्वारॉग यांनी हे १९५४ मध्ये छापलं. म्हणून धुतल्यावर ताण उतरला नाही तर लगेच ताण मोजणाऱ्या मशीनला शिव्या घालू नकोस.