इन्स्ट्रक्टर होऊन वर्षं वाया जातात का?

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला, पण एअरलाइनची नोकरी लागलेली नाही. मधल्या काळात फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हावं का? करिअर समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. एक तरुण तर शिकवायला लागूनही वैतागलेला होता. ‘मॅडम, बरोबरीचे जेट उडवतायत आणि मी शिकाऊंना घेऊन धावपट्टीभोवती चकरा मारतोय. नुसते तास भरतोय.’

त्याची धास्ती खोटी नव्हती. बऱ्याच एअरलाइन्समध्ये ज्येष्ठता रुजू झाल्यापासून धरतात, त्यामुळे उशिराची किंमत मोजावी लागतेच. अमेरिकेत २०१३ पासून सहवैमानिकालाही उड्डाणाचे साधारण १,५०० तास लागतात, म्हणून तिथे शिकवणं ही रुळलेली वाट आहे. कमी तासांवर थेट भरती होते तिथे मात्र तोच वळसा वाटतो.

तासांचा हिशेब बाजूला ठेवून मी म्हटलं, ‘अलीकडचं एखादं बिघडलेलं लँडिंग सांग.’

‘फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, आम्ही हवं त्यापेक्षा खाली आलो होतो. विद्यार्थ्याने पॉवर न वाढवता नाकच वर ओढलं. वेग उतरायला लागला.’

‘मग?’

‘हात कंट्रोलजवळ नेला, पण धरला नाही. “वेग बघ” म्हटलं. त्याने पॉवर दिली, नाक खाली घेतलं. नाहीतर “आय हॅव कंट्रोल” म्हणून विमान घेतलंच असतं.’

सहवैमानिकाच्या कामाचा निम्मा भाग हाच तर आहे! कॅप्टन विमान उडवत असतो तेव्हा सहवैमानिकाने नजर ठेवायची, चूक वाढण्याआधी बोलायचं, आणि अगदी वेळ आली तर विमान हाती घ्यायचं. ठरलेले शब्द सिम्युलेटरमध्ये पाठ होतात. पण दुसऱ्याच्या हाताकडे बघून पुढची चूक ओळखणं इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर रोज घडतं. सहवैमानिकही उजवीकडेच बसतो.

अर्थात जेटचं जडत्व, ऑटोमेशन, दोघांनी मिळून काम करण्याची शिस्त हे छोट्या विमानात फारसं मिळत नाही. ते टाइप रेटिंगलाच, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणातच, शिकावं लागतं. आणि शिकवण्यात जीवच नसेल तर या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. त्यात भरडला जातो तो विद्यार्थी.

या तरुणाचा शिकवण्यात जीव होता. भरती निघेल तिथे अर्ज करत राहायचं, असं ठरलं. शिवाय लॉगबुकसोबत एक वही ठेवायची: कुठे नुसतं बोललो, कुठे विमान हातात घेतलं आणि का. मुलाखतीत प्रसंग विचारतातच.