हार्टच्या पेशंटला किडनीच्या डॉक्टरकडे का पाठवतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, आता क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, तो वाढला म्हणजे किडनी कमी काम करतेय) 1.6 आलंय आणि हार्टचे डॉक्टर किडनीवाल्यांना दाखवा म्हणतायत, तर याचा संबंध काय. संबंध अगदी जवळचा आहे, आणि प्लीज किडनीवाल्यांसाठी दिलेली ती चिठ्ठी बाजूला ठेवू नका. मी डॉक्टर नाही, पण आईचं हे सगळं चार वर्षं बघतेय म्हणून सांगते.

आम्ही लालबागला राहतो. आई तेव्हा 66 ची, बीपी जुना. गुडघे दुखायचे म्हणून केमिस्टकडून पेनकिलर आणून जवळजवळ रोज घ्यायची, अशा गोळ्यांनी किडनी बिघडू शकते हे माहीत नव्हतं, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. क्रिएटिनिन 1.1, लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मलमध्येच, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. पण 66 वर्षांच्या बाईला 1.1 म्हणजे ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय वगैरेवरून काढलेला, किडनी किती गाळते त्याचा आकडा) 55 च्या आसपास येतो, आणि तो तीन महिने 60 च्या खाली राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. हे आम्हाला कळलं तेव्हा ती दम लागून अ‍ॅडमिट होती, फुफ्फुसात पाणी झालेलं. त्याआधी महिनाभर परळ स्टेशनचा ब्रिज चढताना दोनदा थांबायची, रात्री तीन उशा लागायच्या, आणि आम्ही म्हणायचो वय झालं.

हार्ट जेवढं रक्त पंप करतं त्यातलं साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातं. हार्ट कमजोर झालं की तिकडे रक्त कमी पोचतं, मग किडनी अंगात पाणी कमी आहे असं समजून मीठ आणि पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते, आणि ते ओझं परत हार्टवरच पडतं. किडनी आधी बिघडली तरी तेच. रक्त बनवायला सांगणारं हार्मोन किडनीत तयार होतं, ते कमी झालं की हिमोग्लोबिन उतरतं, फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पोटॅशियम वाढलं तर ठोके बिघडतात. म्हणून किडनीचे कितीतरी पेशंट डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हार्टने जातात, आणि घरचे मात्र फक्त डायलिसिसलाच घाबरत असतात.

आता आमची चूक सांगते, ती तुम्ही करू नका. डिस्चार्जनंतर रॅमिप्रिल ही बीपी आणि हार्टची गोळी चालू केली, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.2 चं 1.4 झालं, मी घाबरून कोणाला न विचारता गोळी बंद केली. महिन्याभरात आई परत अ‍ॅडमिट. नंतर किडनीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की या गोळीने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, 30 टक्क्यांपर्यंत बऱ्याचदा चालवून घेतात, पोटॅशियम तपासत राहायचं, पण तीच गोळी पुढे किडनी आणि हार्ट दोन्ही सांभाळते. डापाग्लिफ्लोझिनचंही तसंच, मूळ शुगरची गोळी पण आता शुगर नसलेल्यांनाही हार्ट आणि किडनीसाठी देतात, वडिलांना चालेल का ते विचारा. चालू करणं, बंद करणं सगळं डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरात कोणी कमी सोडियमचं मीठ आणलं असेल तर पाकीट उलटून बघा, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, पोटॅशियम वाढलेल्याला ते धोक्याचं. नारळपाणी पण विचारल्याशिवाय नको. पापड, लोणचं, सुकी मच्छी यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

किडनीवाल्यांकडे जाताना अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर, इकोचा (हार्टच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स (पेनकिलर आणि आयुर्वेदिकसकट) आणि जुने जेवढे क्रिएटिनिनचे रिपोर्ट सापडतील तेवढे एकाच फाइलमध्ये न्या, कारण 1.6 अँजिओप्लास्टीच्या आधीपासून होतं की अँजिओप्लास्टीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या औषधानंतर (डायनंतर) वाढलं हे त्यांना त्यातूनच कळेल. लघवीची एसीआर टेस्ट (अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन क्रिएटिनिनच्या तुलनेत किती जातंय ते बघणारी) झाली नसेल तर आवर्जून विचारा, तिच्यात प्रोटीनची गळती लवकर पकडता येते, सॅम्पल शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचं द्यायचं.