उत्तर: बांगड्याच्या पोटातल्या पांढऱ्या जंतांना किती भ्यायचं?

ताई, आधी थेट उत्तर देते. मागच्या आठवड्यात मुलांनी खाल्लेले बांगडे नीट शिजलेले असतील, तर त्यांना काही होणार नाही. जंताची गोळी नको. मासेवाल्यानेही तुम्हाला फसवलेलं नाही. सासूबाईंनी कचऱ्यात टाकायला लावलेला किलोभर बांगडा मात्र फुकट गेला.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंनी नाशकातल्या बाजारातून बांगडे आणले, घरी पोट चिरलं तर आतड्यांवर पांढरी वेटोळी दिसली, एक-दोन वळवळतही होती. घरात गोंधळ उडाला. त्यावर इथे कुणी सांगितलं की मासा सडका होता, कुणी म्हणालं अर्धा तास लिंबू-मीठ लावा म्हणजे मरतात, आणि दोघांनी तर समुद्राचे मासे सोडून धरणाचेच खा असा सल्ला दिला. मी मूळची देवगडची, नोकरीभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि मासे साफ करायला कधी बाई ठेवली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते ॲनिसाकिस किंवा त्याच्या जवळच्या कुळातले गोलकृमी असावेत. दोनेक सेंटिमीटर लांब, दोऱ्याइतका बारीक, पांढरट, आणि आतड्यांच्या किंवा यकृताच्या वरच्या पातळ पडद्यात जिलबीसारखं वेटोळं करून बसलेला. ही त्याची अळीची अवस्था. तो मोठा होतो तो डॉल्फिन आणि देवमाशांच्या जठरात. तिथे घातलेली अंडी विष्ठेतून पाण्यात येतात, त्यातून निघालेली अळी कोळंबीच्या जातीचे बारीक जीव गिळतात, त्यांना मासे आणि माकूल खातात, आणि या माशांना परत डॉल्फिन खातो. बांगडा हा या प्रवासातला फक्त मुक्काम आहे. तिथे ती अळी वाढत नाही, गुंडाळी करून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसते. थंड समुद्रात ॲनिसाकिस सिम्प्लेक्स ही जात जास्त, आपल्यासारख्या उष्ण पाण्यात ॲनिसाकिस टिपिका.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, जंत मासा जिवंत असताना समुद्रातच आत गेलेला असतो. बाजारातल्या घाणीचा, शिळेपणाचा किंवा मासेवाल्याच्या टोपलीचा त्याच्याशी संबंध नाही. अगदी होडीतून उतरलेल्या माशातही तो असतो. दोन, कोणत्या माशात किती सापडेल हे त्या माशाच्या खाण्यावर अवलंबून असतं. तारली मुख्यतः सूक्ष्म वनस्पती गाळून खाते, म्हणून तिच्यात कमी. बांगडा बारीक प्राणी बऱ्यापैकी खातो, म्हणून त्याच्यात जास्त. वाकटीसारखा मासा तर दुसऱ्या माशांनाच खातो, म्हणजे त्यांच्या पोटातले जंतही त्याच्याच खात्यात जमा. वाकटी साफ करताना आतड्यांवर वेटोळी दिसली नाहीत तर मलाच नवल वाटतं.

वळवळणाऱ्या जंतावरून मासा ताजा आहे असंही समजू नका. बर्फात, म्हणजे शून्याच्या आसपास, या अळ्या कित्येक दिवस जिवंत राहतात. जिवंत जंतावरून इतकंच ठरतं की तो मासा कधी कडक गोठवलेला नव्हता. ताजेपणा बघायचा तो डोळ्यांत, कल्ल्यांत आणि बोटाने दाबून.

सगळंच ॲनिसाकिस असतं असंही नाही. माशाच्या तोंडात किंवा कल्ल्यात पाय असलेला, झुरळाच्या पिल्लाएवढा पांढरट किडा दिसला तर तो कवचधारी परजीवी आहे, दिसायला किळसवाणा पण माणसाला निरुपद्रवी. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी मिळाल्या तर त्या बहुधा अशा पट्टकृमींच्या अळ्या असतात, ज्यांचं खरं घर मुशीच्या आतड्यात. त्याही माणसात रुजत नाहीत. आणि सुक्या बोंबलात किंवा नीट न सुकलेल्या सुकटीत ज्या अळ्या होतात त्या माशीच्या किंवा भुंग्याच्या. त्या समुद्रातून येत नाहीत, सुकवण्या-साठवण्याच्या हलगर्जीपणातून येतात. तिथे दुकानदाराला जरूर बोला.

आता स्वयंपाकघर. नाशकात समुद्र नाही, हे आपण कधीकधी विसरतो. मासा होडीवर बर्फात काही दिवस, मग बंदरावर, मग रात्रीतून कसारा घाट चढून इथे. मोठ्या माशांची पोटं कधी आधीच काढलेली असतात, पण बांगडा, तारली, मांदेली हे सगळे अख्खेच येतात. मासा मेल्यावर काही जातींमध्ये या अळ्या आतड्यांवरून पोटाच्या पडद्यातल्या मांसात शिरतात असं आढळलं आहे. म्हणून घरी आल्या आल्या पोट काढायचं, संध्याकाळसाठी अख्खा फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. बाजारातल्या मावशीकडून साफ करून घेतलात तरी चालेल, फक्त घरी पोटाची आतली बाजू नळाखाली अंगठ्याने घासून तो काळा पडदा काढून टाका. पोटाकडची पातळ पट्टी उजेडाकडे धरून बघा. वेटोळं दिसलं तर सुरीच्या टोकाने उचला, काम झालं. मांदेलीचं डोकं मोडून ओढलं की आतडी सोबत येतात, त्यामुळे तिथे फारसा प्रश्न उरत नाही.

गाबोळीकडे लक्ष द्या. जंत तिच्या वरच्या पडद्यावरही बसतात, आणि गाबोळी आपण तव्यावर बाहेरून खरपूस करतो, आतून बऱ्याचदा कच्चट राहते. मंद आचेवर झाकण ठेवून आतपर्यंत शिजवा.

शिजवण्याचं गणित सोपं आहे. माशाच्या गाभ्यात 60 अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं की या अळ्या मरतात. अमेरिकेतल्या अन्न-औषध खात्याची शिफारस 63 अंशांची आहे. थर्मामीटरची गरज नाही: काट्याजवळचं मांस पारदर्शक न राहता पांढरं झालं आणि काट्यावरून सहज सुटलं, की तेवढं तापमान झालेलं असतं. उकळत्या कालवणात, मग ते तिरफळ घातलेलं असो की इथल्या काळ्या मसाल्याचं, जंत वाचण्याचा प्रश्नच नाही. जाड बांगडा अख्खा रवा लावून मोठ्या आचेवर तळला तर मात्र बाहेर कुरकुरीत आणि कण्याशी गुलाबी राहू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी खोल चिरा द्या. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आता लिंबू-मिठाबद्दल. मुरवल्याने वास जातो, चव येते, मांस घट्ट होतं. पण जंत मरत नाही. हा जीव देवमाशाच्या जठरातल्या आम्लात राहण्यासाठीच घडलेला आहे, तो लिंबाला काय दाद देणार? याचा अनुभव युरोपने घेतला आहे. नेदरलँड्समध्ये हलकं मीठ लावलेला, न शिजवलेला हेरिंग मासा आवडीने खातात. तो खाऊन पोटात भयंकर कळा येणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात हेरिंगमधला जंत सापडल्याचं 1960 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं, आणि 1968 मध्ये असा हेरिंग आधी गोठवणं कायद्याने सक्तीचं झालं. त्यानंतर तिथले रुग्ण झपाट्याने कमी झाले. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेले छोटे मासे घरोघर होतात, आपल्या मांदेलीचे दूरचे नातेवाईक म्हणा. तिथेही 2006 पासून हॉटेलांना कच्चा किंवा मुरवलेला मासा आधी गोठवावा लागतो. व्हिनेगरवर विसंबून चालत नाही हे तिथल्या सरकारला कळलं, तर आपण अर्ध्या लिंबावर कशाला विसंबायचं? हळद, लसूण, मिरचीचंही तेच.

गोठवणं खात्रीचं, पण किती ते महत्त्वाचं. युरोपीय नियमात गाभ्यापर्यंत उणे 20 अंश, किमान 24 तास. अमेरिकी शिफारस उणे 20 ला 7 दिवसांची, किंवा उणे 35 ला कडक गोठवून 15 तास. घरच्या एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही. चार चांदण्यांची खूण असलेला फ्रीजर साधारण उणे 18 पर्यंत जातो, पण आपण तो दिवसातून दहादा उघडतो. तेव्हा घरचा फ्रीजर साठवणीसाठी वापरा, जंत मारायचं काम तव्यावर सोपवा.

धरणाचे मासे खा म्हणणाऱ्यांना: गंगापूर धरणातल्या रोहू-कटल्यात ॲनिसाकिस नसणार हे खरं, कारण तिथे डॉल्फिन नाहीत. पण गोड्या पाण्याचे जंत वेगळे असतात. मरळ कुळातल्या माशांच्या मांसात पिवळट गाठी मिळतात, शिवड्याच्या हवेच्या पिशवीत चांगला मोठा, चपटा, मांसल जंत सापडतो. आणि जगभर बघितलं तर गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून होणारे जंतांचे आजार समुद्री माशांपेक्षा गंभीर ठरतात, कारण त्यातले काही जंत माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतात. ॲनिसाकिस माणसात वाढू शकत नाही, काही दिवसांत मरतो. धरणाचा मासा आवडतो म्हणून खा, जंत नको म्हणून नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि त्याबद्दल या चर्चेत कुणी चकार शब्द काढला नाही. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनाचा घटक भरपूर असतो. वाटेत बर्फ कमी पडला, मासा काही तास उबेत राहिला, की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात. ते डोळ्यांना दिसत नाही, अनेकदा वासही येत नाही, आणि तळून, उकळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. लोक म्हणतात ‘मासे बाधले’. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात जंतापेक्षा हे होण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. म्हणून बाजारात गेलात की पेटीत बर्फ माशांच्या वर-खाली आहे की नुसता शोभेला, हे बघा. उन्हात ताटात मांडलेला बांगडा कितीही चकाकत असला तरी घेऊ नका. आणि उन्हाळ्यात घरी नेताना वाटेत भाजी, किराणा असं करत तासभर घालवू नका, मासे शेवटी घ्या.

मुलांच्या गोळीबद्दल. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला जी अल्बेंडाझोलची गोळी देतात ती मातीतून, न धुतलेल्या हातांतून होणाऱ्या जंतांसाठी असते. ती त्या वेळापत्रकाने जरूर द्या. बांगड्याच्या जंतासाठी म्हणून वेगळी गोळी देण्याचं कारण नाही. शिजलेला मेलेला जंत पोटात गेला तर तो इतर प्रथिनांसारखाच पचतो.

याला एक अपवाद आहे. या जंताची काही प्रथिनं उष्णतेनेही मोडत नाहीत, आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी झाली आहे त्यांना शिजलेल्या माशातूनही अंगावर गांधी उठू शकतात, क्वचित श्वासही अडकतो. घरात कुणाला समुद्री मासे खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा पित्त उठत असेल तर ‘मासे सोसत नाहीत’ म्हणून सोडून देऊ नका, ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

आणि तरुण मंडळींनी विचारलेल्या सुशीबद्दल. आपल्याकडे सुशीत मिळणारा सामन बहुतेक परदेशी शेतीतला असतो, खुराकावर वाढवलेला, त्यामुळे त्याच्यात हा जंत जवळपास नसतोच. कुणी ‘आजच आलेली ताजी सुरमई’ किंवा बांगडा कच्चा वाढत असेल तर तो आधी गोठवला होता का, हे विचारा. उत्तर देताना वेटर चाचरला तर दुसरं काहीतरी मागवा. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, मळमळ, उलटी सुरू झाली तर ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नका. जपानमध्ये डॉक्टर दुर्बीण घालून तो जंत चिमट्याने काढतात आणि कळ बहुधा लगेच थांबते. पण आपल्याकडच्या डॉक्टरांना असा रुग्ण क्वचितच दिसतो, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात हे येणार नाही. ‘काल मासे खाल्ले होते’ एवढंच सांगू नका. कोणता मासा, कच्चा की शिजलेला, किती वाजता खाल्ला आणि कळ किती वाजता सुरू झाली, हे सगळं सांगा.